उतारावरचे अंडे

सियालदह स्टेशनातून बाहेर पडून बैठकखान्याच्या अंगाने निघाले, की कोले मार्केटच्या भाजीच्या ढिगांइतकेच अंड्यांचे ट्रे नजरेत भरतात. तीस अंड्यांचा एक ट्रे, असे सात ट्रे म्हणजे २१० अंड्यांची एक पेटी. हातगाडीवर, सायकल-व्हॅनवर, हमालाच्या डोक्यावर या पेट्या गर्दीतून वाट काढत असतात. इथल्या घाऊक बाजाराला कोलकातेकर ‘डिमपट्टी’ म्हणतात. माल येतो आंध्र प्रदेशातून आणि आता मोठ्या प्रमाणावर बंगालमधल्याच फार्मांतून. भावाचा धागा मात्र महाराष्ट्रापर्यंत पोचतो. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये उभी राहिलेली नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी पुण्याची. ती शहरागणिक शेकडा अंड्यांचा भाव रोज जाहीर करते आणि त्या यादीत कोलकात्याची वेगळी ओळ असते.

या बाजारातल्या बहुतेक अंड्यांबाबत एक गोष्ट खरी असते आणि ती गिऱ्हाइकाच्या कधी ध्यानातही येत नाही. ज्या कोंबडीने अंडे घातले, तिची आणि अंड्याची पुन्हा गाठ पडलेली नसते. फार्मवरच्या पिंजऱ्याची तळजाळी पुढच्या बाजूला किंचित उतरती असते. अंडे पडले की ते घरंगळत पिंजऱ्याबाहेरच्या पन्हाळीत जाऊन थांबते, कोंबडीची चोच पोचत नाही अशा अंतरावर. गोळा करणाऱ्याची सोय हे त्याचे एक कारण. अंडे स्वच्छ राहते, हे दुसरे. तिसरे कारण मालक सहसा बोलून दाखवत नाहीत: अंडे समोर राहिले तर कोंबडी ते फोडून खाऊ शकते.

परसात चार कोंबड्या पाळणाऱ्याला हे तिसरे कारण चांगलेच ठाऊक असते. सकाळी आरवण्या-ओरडण्याचा गलका ऐकून खुराड्यात हात घालावा, तर पेंढा ओला, हाताला चिकट बलक आणि कवचाचे दोन-चार तुकडे. कुंपणानेच शेत खाल्लेले.

परसातल्या कोंबड्यांचा पसारा किती, हे शहरात राहून कळत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यांतली ३१.७ कोटी परसातली, आणि २०१२ च्या गणनेच्या तुलनेत हा परसातला आकडा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेला. पश्चिम बंगालमध्ये तर खेड्यातल्या घराला तळे, केळीची चार झाडे आणि कोंबड्या-बदके असायचीच. सियालदहच्या दक्षिण शाखेची लोकल पकडून सोनारपूर, चंपाहाटी, घुटियारी शरीफ करत कॅनिंगपर्यंत गेले, की रुळांच्या दोन्ही बाजूंना अशी परसे दिसत राहतात. सुंदरबनच्या तोंडाशी नेणारा हा रेल्वेमार्ग १८६०च्या दशकात, कॅनिंगला मोठे बंदर करण्याच्या स्वप्नापोटी टाकला गेला. बंदर फसले, गाडी राहिली. आज त्याच गाडीने अगदी पहाटे हजारो बायका कोलकात्यात घरकामाला येतात आणि दुपार कलल्यावर परततात. ही वेळ पुढे महत्त्वाची ठरणार आहे, कारण कोंबडी अंडी घालते ती मुख्यतः सकाळी.

गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. फार्मवरची संकरित लेअर तीनशेच्या वर देते. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची ‘बीव्ही ३००’ ही जात तर नावातच आकडा मिरवते. तीनशेतली दहा गेली तर हिशेबात तीनेक टक्के इकडेतिकडे होतात. साठातली वीस गेली, तर मुलांच्या ताटातला तिसरा हिस्सा जातो आणि शिवाय गावठी अंड्याला मिळणारा चढा भावही बुडतो.

आधी चोर ओळखावा

कोंबडीवर आळ घेण्यापूर्वी चौकशी केलेली बरी, कारण अंड्याचे गिऱ्हाईक खूप असतात. अंडे अख्खेच्या अख्खे गायब, कवचाचा कणही नाही, पेंढा कोरडा, असे असेल तर साप, घोरपड किंवा कावळा. नागाला खुराड्यातली अंडी प्रिय असतात. कोकणात आणि सुंदरबनात खुराड्यात हात घालण्याआधी काठी घालतात, ती उगाच नव्हे. उंदीर-घुशी अंडी बिळाकडे ओढून नेतात आणि वाटेवर कुरतडलेल्या कवचाचा माग ठेवतात. मुंगूस अंडे मागच्या पायांमधून दगडावर आपटून फोडते, त्यामुळे तुकडे खुराड्यापासून दूर सापडतात. कोलकात्याच्या जुन्या वस्त्यांत आणि आसपासच्या गावांत ‘भाम’, म्हणजे आपले उदमांजर, छपरांवरून रात्री फिरते. तेही या मेजवानीला येते.

कोंबडीच्या चोरीच्या खुणा निराळ्या. अंडे जिथे घातले तिथेच फुटलेले असते. बलक पेंढ्यात मुरलेला असतो. बाकीची अंडी पिवळ्या डागांनी बरबटलेली असतात. आणि सगळ्यांत पक्का पुरावा म्हणजे एखादीच्या चोचीवर, गळ्याच्या पिसांवर वाळलेला बलक. सकाळच्या वेळी थोडा वेळ आडोशाला उभे राहून पाहिले तर गुन्हेगार उजेडात येतो. एखादी कोंबडी दुसरीच्या मागे उभी राहून अंडे पडण्याची वाट पाहते. तिला ओळखायला फार हुशारी लागत नाही.

फुटलेले अंडे हे अन्नच

‘आपलेच अंडे खाते म्हणजे काय!’ हा माणसाचा संताप. कोंबडीच्या बाजूने पाहिले तर त्यात विकृत असे काही नाही. घरच्या कोंबडीचा पूर्वज असलेला रानकोंबडा आजही सुंदरबनात आणि उत्तर बंगालच्या जंगलांत आहे. रानकोंबडी जमिनीवर, झुडपाखाली अंडी घालते. तिथे एक अंडे फुटले तर मुंग्या येतात, वास सुटतो, शिकारी प्राण्यांना पत्ता लागतो. निको टिनबर्गेन या शास्त्रज्ञाने काळ्या डोक्याच्या कुरव पक्ष्यांवर प्रयोग करून १९६२ मध्ये दाखवले, की पिल्लू बाहेर पडल्यावर रिकामे कवच घरट्यापासून दूर नेऊन टाकणारी आई पिल्लांचा जीव वाचवते. कवचाची पांढरी आतली बाजू कावळ्यांना दुरून दिसते. कुरव कवच उचलून नेतो. कोंबडीला सोपा मार्ग म्हणजे ते खाऊन टाकणे. वर त्यातून प्रथिने मिळतात, चुना मिळतो. ज्या जिवाने नुकतेच आपल्या अंगातले दोन ग्रॅम कॅल्शियम बाहेर टाकले आहे, त्याने ते परत घेण्यात चूक ती काय?

अडचण पुढे होते. एकदा चव कळली, की कोंबडी फुटलेल्या अंड्यावर थांबत नाही. ती न फुटलेले अंडे टोचून पाहते. आणि कोंबड्या एकमेकींचे पाहून शिकतात, हे तर कोणीही खाद्य टाकताना पाहिलेलेच असते. एकीची खोड आठवड्याभरात चौघींची होते. म्हणून सगळा इलाज एका जागी येऊन ठेपतो: पहिले अंडे फुटू न देणे. कोंबडीला शिस्त लावण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्म्यात कवच टणक करता येते आणि अंडी घालायची जागा सुधारता येते.

चुन्याचा हिशेब

अंड्याचे कवच जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाड असते. त्यात जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. एका कवचात सुमारे दोन ते सव्वादोन ग्रॅम कॅल्शियम जाते. कोंबडीच्या सबंध सांगाड्यात कॅल्शियम असते साधारण वीस ग्रॅम. वर्षाला तीनशे अंडी देणारी कोंबडी आपल्या हाडांच्या तीसपट चुना अंड्यांतून देऊन टाकते! साठ अंडी देणाऱ्या गावठीलाही सांगाड्याच्या सहापट लागतो. हा चुना रोजच्या खाण्यातूनच यायला हवा. नाही आला तर ती आधी हाडांतून उसना घेते, मग कवच पातळ होत जाते, आणि एक दिवस बिनकवचाचे, नुसत्या पातळ पापुद्र्यातले लिबलिबीत अंडे पेंढ्यात पडते. ते पायाखाली फुटायला वेळ लागत नाही. बहुतेक खुराड्यांतली अंडी खाण्याची गोष्ट अशा अंड्यापासून सुरू होते.

इथे बंगाल आणि कोकण एका माळेचे मणी आहेत. दोन्हीकडे भात. दोन्हीकडे कोंबडीच्या वाट्याला येतो तो भाताचा कोंडा, कण्या आणि ताटातला उरलेला भात. कोंड्यात कॅल्शियम नावालाच असते. उलट त्यातला फॉस्फरस ज्या फायटेट रूपात असतो, ते रूप असलेला-नसलेला चुनाही बांधून ठेवते. फार्मवरच्या लेअर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम मुद्दाम घातलेले असते. कोंड्यावर पोसलेली कोंबडी किडे, गोगलगायी, मातीतले खडे वेचून ही तूट भरून काढते, पण त्यासाठी तिला दिवसभर मोकळे फिरायला हवे. दारापुढे सिमेंटचे अंगण झाले, शेजाऱ्याने कुंपण घातले, कुत्र्यांच्या भीतीने कोंबड्या कोंडून ठेवल्या, की हा मार्ग बंद होतो. परसातल्या कोंबड्यांना अंडी खाण्याची खोड लागते ती अनेकदा अशा बदलानंतर.

उपाय मात्र घरापाशीच असतो. कोकणात खाडीकाठी शिंपल्यांना तोटा नाही. कालवांची, तिसऱ्यांची कवचे वाळवून कुटली की काम झाले. बंगालच्या तळ्यांत ‘गुगली’ नावाच्या लहान गोगलगायी मिळतात. तिथल्या बायका त्या ठेचून बदकांना घालतात. कोंबड्यांनाही त्या चालतात, चुना आणि प्रथिने दोन्ही एका घासात. हे काही नसेल तर खाद्याच्या दुकानात शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची कणी मिळते. अगदी पीठ करू नये. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे पोटात हळूहळू विरघळतात, आणि कवच तयार होते रात्री. अंड्याला गर्भाशयात कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग अंधारात, कोंबडी काही खात नसताना जातो. त्यामुळे शिंपल्याची वाटी संध्याकाळी भरलेली हवी. ती खाद्यात कालवण्यापेक्षा वेगळी ठेवावी. जिला गरज आहे ती बरोबर तिथे जाते. कोंबडा तिकडे फारसा फिरकत नाही.

घरातल्या अंड्यांची टरफले पुन्हा कोंबड्यांना घालावीत की नाही, यावर वाद असतो. घालावीत, पण वाळवून, भाजून, ओळखू न येण्याइतकी बारीक करून. अर्धे टरफल तसेच उकिरड्यावर फेकले, तर तो अंडी फोडण्याचा शिकवणी वर्गच.

उन्हाळ्यात हे सगळे करूनही कवच पातळ पडू शकते. कोंबडीला घाम येत नाही. पारा तिशीच्या वर गेला की ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्ताची अल्कता वाढते, आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट व मोकळे कॅल्शियम दोन्ही कमी पडतात. कोलकात्याच्या एप्रिल-मेमध्ये दमट हवेमुळे धापा टाकूनही अंग थंड होत नाही, म्हणून तिथे ही तक्रार अधिक. सावली, वारा आणि थंड पाणी यांना पर्याय नाही. एक कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते; कडक उन्हाळ्यात दुप्पट. तहानलेली कोंबडी ओल्या वस्तूवर चोच मारते, आणि अंड्याच्या आत तीन-चतुर्थांश पाणीच असते.

प्रथिनांची उणीव हे दुसरे निमित्त. एकमेकींची पिसे उपटणे आणि अंडी फोडणे या दोन खोडी पुष्कळदा जोडीने येतात. बंगालमध्ये स्वस्त प्रथिने म्हणजे मोहरीची पेंड, कारण घरोघरी मोहरीचेच तेल. पण ती बेतानेच द्यावी. तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांत एक जनुकदोष असतो. मोहरीच्या पेंडीतून शरीरात तयार होणारे एक रसायन त्यांना पचवता येत नाही, ते बलकात उतरते आणि अंड्याला चक्क मासळीचा वास येतो. बंगालच्या खेड्यांत वाटली जाणारी ऱ्होड आयलंड रेड ही तपकिरी अंड्यांचीच जात. इलिश-प्रेमी बंगाल्याला हा वास दोष वाटेल की गुण, हा प्रश्न वेगळा.

अंधार, पेंढा आणि मातीचे अंडे

अंडी घालायला कोंबडी आडोसा शोधते. उजेडात, सगळ्यांच्या पायात, कडक जमिनीवर घातलेले अंडे तडकते आणि लगेच दिसतेही. चार-पाच कोंबड्यांमागे एक जागा पुरते. सुमारे एक फूट लांब-रुंद पेटी किंवा टोपली, तळाला तीन-चार बोटे पेंढा किंवा तूस, आणि पुढे गोणपाटाचा पडदा. आत जवळजवळ अंधार हवा, कारण जे दिसत नाही ते टोचले जात नाही. झोपायची दांडी या पेटीपेक्षा उंचावर असावी, नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपून ती घाण करतात.

तिथे खोटे अंडे ठेवण्याची युक्ती जुनी. लाकडाचे, संगमरवराचे, गुळगुळीत गोटाही चालतो. परदेशात गोल्फचा चेंडू ठेवतात. सियालदहहून सुटणारी कृष्णनगर लोकल जिथे संपते, त्या कृष्णनगरच्या घुर्णी भागातले मूर्तिकार मातीचे आंबे, भाज्या, मासे असे घडवतात की माशी बसावी. त्यांच्या हातचे भाजलेले अंडे कोंबडीला फसवायला काहीच कमी पडणार नाही. ही युक्ती दोन कामे करते. पहिल्यांदाच अंडी घालणाऱ्या तलंगेला जागा दाखवते. आणि टोचणारीला धडा देते: टोचले, काही फुटले नाही, काही मिळाले नाही. सवय ज्या बक्षिसावर पोसली होती ते बंद झाले, की ती हळूहळू मोडते. यात चिकाटी लागते; दोन दिवसांनी खोटे अंडे काढून घेतले तर सगळे पाण्यात.

याउलट फार सांगितला जाणारा आणि फार क्वचित लागू पडणारा उपाय म्हणजे मिरचीचा. अंड्याला भोक पाडून बलक काढायचा, आत तिखट भरायचे, आणि कोंबडीला अद्दल घडवायची. माणसाला हा न्याय पटतो. कोंबडी मात्र ते तिखट शांतपणे खाते. मिरचीतले कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवरील ज्या ग्राहीला चिकटते, त्या ग्राहीची पक्ष्यांमधली घडण वेगळी आहे. त्यावर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. स्वेन-एरिक जॉर्ट आणि डेव्हिड ज्युलियस यांनी २००२ मध्ये कोंबडीचीच ग्राही तपासून हे दाखवले. याच ग्राहीच्या शोधाबद्दल ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. मिरचीच्या झाडाच्या दृष्टीने ही सोय उत्तम: दाणे चावून नासवणारे उंदीर दूर राहतात, आणि बिया अख्ख्या गिळून दूर टाकणारे पक्षी येत राहतात. पोपट हिरवी मिरची चवीने खातो, हे पाहूनही खुराड्यात तिखट भरणारे आहेतच. मोहरीचा झणका मिरचीपेक्षा निराळा. कोंबडीच्या अंगातली दुसरी एक ग्राही उग्र रसायनांना दाद देते, असे २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले आहे. मोहरी भरलेल्या अंड्याने एखादी कोंबडी बिचकते, ती कदाचित यामुळे. तरीही हा खटाटोप करण्यापेक्षा शिंपल्यांची वाटी भरणे सोपे.

घरी नसणाऱ्यांसाठी उतार

कुक्कुटपालनाच्या बहुतेक पुस्तिकांत या दुखण्यावर पहिला सल्ला असतो: अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला. सल्ला बिनचूक आहे. पण तो लिहिणाऱ्याने कॅनिंग लोकलचे वेळापत्रक पाहिलेले नसते. जी बाई पहाटे घर सोडते, तिच्या कोंबड्या अंडी घालतात तेव्हा ती बालीगंज किंवा सियालदहच्या आसपास कुणाच्या तरी स्वयंपाकघरात असते. घरी सासू, शाळेतली मुले असतील तर ठीक. नसतील तर अंडे सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत कोंबडीच्या समोर. कोकणातून मुंबईला गेलेल्या घरांतही चित्र फार वेगळे नाही. मागे एकटे म्हातारे माणूस, गुडघे दुखणारे.

अशांसाठी फार्मवाल्यांचा उतार परसात आणता येतो. फळांची जुनी लाकडी पेटी पुरते. तळाची फळी अशी बसवायची, की चाळीस सेंटीमीटर लांबीत मागची बाजू पुढच्यापेक्षा पाच सेंटीमीटर उंच राहील. म्हणजे उतार सात अंशांच्या आसपास. युरोपीय संघाच्या १९९९ च्या नियमांत पिंजऱ्याच्या जाळीचा उतार आठ अंशांपेक्षा जास्त नको असे घातले होते, ते कोंबडीच्या पायांचा विचार करून. अंड्यालाही तेवढाच मानवतो. त्याहून तीव्र केला तर अंडे धाडकन आपटून तडकते, आणि मग सगळ्याचा उद्देशच हरवतो. तळावर पेंढा घालायचा नाही, अंडे त्यात अडकते. जुनी रबरी चटई किंवा ताणून बसवलेले गोणपाट लावायचे. पुढच्या फळीखाली अंडे जाईल एवढी फट, तिच्या बाहेर कापडाचे अस्तर असलेला लहानसा खण, आणि खणावर झाकण. कोंबडी उठून मागे वळेपर्यंत अंडे पलीकडे गेलेले असते.

कोंबड्यांना हे नवे घर पहिल्या दिवशी आवडत नाही. त्यांना मऊ, खोलगट जागा हवी असते. काही दिवस बाकीच्या आवडत्या कोपऱ्यांवर विटा ठेवून ते अडवावे लागतात, आणि पेटीच्या वरच्या भागात खोटे अंडे पक्के चिकटवावे लागते. पिल्ले हवी असतील तर ही पेटी कामाची नाही. खुडूक कोंबडी रवणीला बसवायची तर तिला वेगळी टोपली, वेगळा कोपरा आणि एकवीस दिवसांची शांतता लागते. अंडी विकणे आणि अंडी उबवणे हे दोन वेगळे संसार आहेत, एकाच पेटीत ते नांदत नाहीत.

उतार लावूनही एखादी सुधारत नाही. तिला तीन-चार दिवस डालग्याखाली वेगळी ठेवली, भरपूर खाद्य-पाणी आणि शिंपला दिला, की बाकीच्या निदान तिचे पाहून शिकायच्या थांबतात. काही जण चोच छाटतात. फार्मवर कापण्याची पद्धत आहे, पण परसात किडे आणि दाणे वेचून पोट भरणाऱ्या कोंबडीची चोच कापणे म्हणजे तिच्या हातातला विळा काढून घेणे. चोचीच्या टोकाला मज्जातंतू असतात, ते दुखतेही. दोन वर्षांपुढच्या कोंबडीची अंडी मोठी आणि कवच पातळ होत जाते. अशीला खोड लागली असेल, तर मालवणात तिचे काय करतात आणि बंगालमध्ये तिचे काय करतात, हे दोन्हीकडच्या वाचकांना सांगायला नको.

एका परिस्थितीत मात्र घरचे उपाय बाजूला ठेवून पशुवैद्यकाकडे जायला हवे. एकाच वेळी सगळ्याच कोंबड्या पातळ कवचाची, वेड्यावाकड्या आकाराची अंडी घालू लागल्या, अंडी एकदम कमी झाली, शिंकणे-घरघर सुरू झाली, तर तो चुन्याचा प्रश्न नव्हे. संसर्गजन्य ब्राँकायटिस किंवा एग ड्रॉप सिंड्रोम यांसारखे विषाणूजन्य आजार अंडे घडवणाऱ्या नलिकेवरच घाव घालतात. अचानक मरतूक झाली तर आणखी सावधगिरी. देशात एच५एन१ बर्ड फ्लू प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, तिथल्या फार्मांवर. जानेवारी २००८ मध्ये बंगालच्या बीरभूमला तो आला तेव्हा मुख्यतः परसातल्या कोंबड्यांतून पसरला. जिल्ह्यामागून जिल्हे घेरले गेले आणि सुमारे ४० लाख पक्षी मारावे लागले. मेलेल्या कोंबडीची विल्हेवाट घरच्या घरी लावण्याची सवय तेव्हा फार महागात पडली. कोलकात्यात बेलगाछियाला १८९३ पासून पशुवैद्यकीय शिक्षण चालते. आजचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ तिथेच आहे. मुंबईत परळचे महाविद्यालय त्याहूनही थोडे जुने, १८८६ चे. शिवाय तालुक्याचा सरकारी दवाखाना असतोच.

फार्मवाल्यांना मात्र अंडे कोंबडीसमोर पडून राहण्याचा हा परसातला प्रश्न पुन्हा भेटणार आहे. युरोपीय संघाने २०१२ पासून जुन्या पद्धतीचे ओकेबोके पिंजरे बंद केले, आणि पिंजऱ्याबाहेर आलेल्या हजारो कोंबड्यांनी लगेच जमिनीवर, कोपऱ्यांत, तुसात अंडी घालायला सुरुवात केली. तिथले कामगार आता सकाळी शेडमध्ये अनेक फेऱ्या मारून जमिनीवरची अंडी वेचतात, अंधारे कोपरे विजेच्या दिव्यांनी उजळवतात आणि कोंबड्यांनी घरट्यातच जावे म्हणून तलंगांना आधीपासून सवय लावतात. भारतातही ‘पिंजरामुक्त’ असे छापलेले अंड्यांचे खोके मोठ्या शहरांतल्या दुकानांत दिसू लागले आहेत आणि त्यांचा भाव सियालदहच्या ट्रेमधल्या अंड्यापेक्षा चढा असतो. त्या चढ्या भावात कोंबडीने फिरण्याचे पैसे जसे असतात, तसे तिच्या मागे फिरणाऱ्या माणसाचेही असतात.